पैठणीचा खेळ

धाराशिव तालुक्यांतील बेंबळी हें आमचें मूळ गांव. तिन्हीसांजेला पुढचें दार बंद ठेवूं नये, ती लक्ष्मी येण्याची वेळ असते, असें आमच्या घरीं सांगत. दिवेलागण झाली कीं माझी आत्या पुढचें दार सताड उघडी आणि उंबऱ्याच्या आंत, भिंतीला टेकून, वाती वळीत बसे. लक्ष्मी त्या दारानें किती वेळां आली हें मला ठाऊक नाहीं. परंतु २००४ सालानंतर शेजारच्या चारदोन बायका मात्र त्या वेळेला नेमानें येऊं लागल्या. कोणाच्या हातांत निवडायची डाळ, कोणाच्या मांडीवर मूल. आंतल्या खोलींतील दूरचित्रवाणीचा संच लागे, पडद्यावर कोठल्या तरी अनोळखी घराचें दार ठोठावलें जाई, आणि इकडे बेंबळींत सगळ्या जणी आपल्याच दाराशीं कोणी आलें आहे अशा थाटानें पदर सावरून बसत.

तो खेळ म्हणजे 'होम मिनिस्टर'. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १५ ऑगस्ट १९९९ रोजीं, 'अल्फा मराठी' ही खाजगी वाहिनी निघाली. तिचेंच पुढें 'झी मराठी' असें नामांतर झालें. या वाहिनीवर २००४ च्या सप्टेंबरांत हा खेळ सुरू झाला. सूत्रधार आदेश बांदेकर. दूरदर्शनवरील 'ताक धिना धिन' या गाण्यांच्या खेळामुळें त्यांचा चेहरा घरोघर आधींच ओळखीचा होता. खेळाची रचना अगदीं साधी. सूत्रधार एखाद्या कुटुंबाच्या घरीं जाई, नवरा-बायको, सासू-सासरे, दीर-नणंदा यांच्याशीं गप्पागोष्टी करी, थोडी थट्टामस्करी होई. मग बायकांमध्यें फुगे, चेंडू, बांगड्या अशा किरकोळ वस्तूंचे खेळ लावी, आणि जी जिंकील तिला पैठणी मिळे.

एवढ्याशा गोष्टीनें महाराष्ट्रांतील घरें वर्षानुवर्षें कां बांधून ठेवावीं? त्याच सुमारास 'कौन बनेगा करोडपती' हा दुसरा खेळ देशभर गाजत होता. १९९८ सालीं इंग्लंडांत निघालेल्या एका खेळाचा तो भारतीय अवतार. ३ जुलै २००० रोजीं अमिताभ बच्चन यांनीं त्याचा पहिला भाग सादर केला. त्याचें आकर्षण समजण्यास कष्ट पडत नाहींत: तेथें विद्या आहे, नशीब आहे आणि कोटभर रुपये आहेत. आमच्या खेळांत विद्येची परीक्षा नाहीं, आणि बक्षीस म्हणावें तर एक वस्त्र. परंतु दोहोंत एक मोठा फरक आहे. करोडपती होऊं इच्छिणारा मनुष्य आपलें घर सोडून, गांव सोडून, त्या झगमगत्या आसनापर्यंत जातो. आमच्या खेळांत आसनच उठून घरीं येतें. या खेळाचें सारें मर्म मला ह्या दार ठोठावण्यांत दिसतें. आणि आज मला त्या दाराचीच कथा सांगावयाची आहे.

खेळाच्या आरंभीं दार उघडण्याची जी हाक येते, ती आमच्या भागाला नवी नव्हती. पैठणचे एकनाथमहाराज सोळाव्या शतकांत होऊन गेले. त्यांनीं आपल्या भारुडांत बयेला, म्हणजे जगदंबेला, दार उघडण्याची आळवणी केली आहे. बेंबळीच्या माणसाला बया म्हटलें कीं तुळजापूर आठवतें. भवानीचें तें ठाणें आमच्याच जिल्ह्यांत आहे. आश्विनांतील घटस्थापनेपूर्वीं देवी कांहीं दिवस पलंगावर निद्रिस्त असते; तिला जागवून पुन्हा सिंहासनावर बसवितात तेव्हां नवरात्राला आरंभ होतो. गोंधळी संबळाच्या तालावर तिला गोंधळाला बोलावतात. हातांत परडी घेतलेल्या आराधिणी जोगवा मागत दारोदार फिरतात. पहाटेच्या प्रहरीं मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव येई, तोहि दाराशींच. या सगळ्यांच्या येण्याजाण्यांत घरची बाई सूपभर धान्य घेऊन उंबऱ्यापर्यंत येते, बाहेरचा मनुष्य देवाचें नांव घेऊन आशीर्वाद देतो, आणि दोघेंहि आपापल्या वाटेनें जातात. घरांतील स्त्रीचा बाहेरच्या जगाशीं जो उघड आणि मान्य संबंध येई तो एवढाच: उंबऱ्यापुरता आणि सूपभर.

दूरचित्रवाणीच्या खेळानें ही चाल उलटी फिरविली. दाराशीं आलेला मनुष्य येथें मागावयास आलेला नसतो, तो द्यावयास आलेला असतो. आणि जी हाक देवीला मारावयाची ती तो घरच्या बाईला मारतो. ज्या समाजानें शेंकडों वर्षें ही हाक देवळाच्या दाराशीं ऐकली, त्याला ती आपल्या दाराशीं ऐकूं आल्यावर काय वाटलें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं.

आंत येणाऱ्या परक्या पुरुषाला घरांत कोणत्या नात्यानें वागवावयाचें, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळत नसे आणि थोरल्या दिराशीं बोलणें मोजकें असे. धाकटा दीर मात्र थट्टेचा धनी. वहिनीनें त्याची चेष्टा करावी, त्यानें तिला उलट चिडवावें, यांत कोणाला वावगें दिसत नाहीं. सूत्रधारानें नेमकें हें नातें उचललें. तो सगळ्यांना 'वहिनी' म्हणूं लागला आणि साऱ्या महाराष्ट्राचा 'भावोजी' झाला. परका पुरुष माजघरापर्यंत आला, सासूसमोर सुनेला हसवून गेला, तरी घराची मर्यादा मोडली असें कोणालाच वाटलें नाहीं. कारण त्या मर्यादेंतलीच एक मोकळी खिडकी त्यानें शोधली होती. येथें आणखी एक गोष्ट घडली. आपल्याकडे बाईला साडीचोळी व्हावयाची ती माहेराकडून, भावाच्या हातून. जात्यावरच्या किती ओव्या या एका आशेवर रचलेल्या आहेत! येथें तें वस्त्र सासरच्या अंगणांत, सासरच्या माणसांच्या देखत आणि सासरच्याच नात्यानें मिळूं लागलें. माहेरच्या मायेनें मिळालेलें वस्त्र आणि सासरीं गुण दाखवून मिळालेलें वस्त्र यांतला भेद बायकांना सांगावा लागत नाहीं.

आतां नांवाची गोष्ट. पतीचें नांव उघड घेणें आपल्याकडे अमर्याद समजत. म्हणून उखाण्याचा आडपडदा आला. लग्नांत, डोहाळजेवणांत, हळदीकुंकवांत 'नांव घे' असा आग्रह व्हावा, आणि बाईनें यमकाच्या जोरावर तें नांव डौलानें घ्यावें. बायकांच्या बुद्धीला चारचौघांत मोकळें सोडणारा असा दुसरा खेळ क्वचितच असेल. परंतु त्यांतलें नांव तिचें नसे. तिचें पहिलें नांव लग्नांत तांदळांत लिहून पुष्कळदां बदललेलें असे. पुढें ती अमक्याची बायको आणि तमक्याची आई एवढीच उरे.

माझ्या आत्याला शेंकडों उखाणे येत. गांवांतल्या नव्या नवऱ्या तिच्याकडे उखाणे शिकावयास येत आणि ती ऐनवेळीं नवे जुळवूनहि देई. तिला स्वतःला मात्र त्यांत घालावयास नांव उरलें नव्हतें. बाविसाव्या वर्षीं कपाळ पांढरें होऊन ती माहेरीं परतली होती. १९७२ च्या दुष्काळांत रस्त्याच्या कामावर तिनें खडी फोडली, तेथें मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढले आणि भावाचा संसार सावरून धरला. या खेळांत दूरच्या एका शहरांतील कोणा बाईला, तुम्ही कशा भेटलांत, तुम्हांला काय आवडतें, काय व्हायचें राहून गेलें, असें भावोजी विचारीत, तेव्हां आत्या वातीवरचा हात थांबवून ऐके. एकदां ती सहज म्हणाली, "तिला इचारायला एवढ्या लांबनं माणूस आलं बघ." तक्रारीचा सूर त्यांत नव्हता, नवल होतें.

पुष्कळ विद्वान् माणसें या खेळाला बाळबोध म्हणतात. फुगे फुगविणें आणि बांगड्या ओंवणें यांत पाहावयाचें तें काय, असें विचारतात. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, आपल्याकडील बायकांचे खेळ ऋतूला आणि वयाला बांधलेले होते. पंचमीला झोके आणि फेर, मंगळागौरीला झिम्मा, पिंगा नि फुगड्या. दोन मुलें झालीं, डोईवर संसार पडला, कीं खेळ संपला. पन्नाशीची सासू चेंडूमागें धांवते आहे, घामाघूम होऊन हसते आहे, आणि सून तिला टाळ्या वाजवून उठविते आहे, हें दृश्य आमच्या घरांत पूर्वीं कोणीं पाहिलें होतें?

आणि बक्षीस पैठणीच कां? रोख पैसा दिला असता तर तो दुसऱ्या दिवशीं बी-बियाण्यांत किंवा मुलांच्या फीमध्यें गेला असता. पैठणी तिच्याच अंगावर राहते. शिवाय ह्या वस्त्रामागें आमच्या मुलखाचा दोन हजार वर्षांचा व्यापार उभा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रीक प्रवासवृत्तांत पैठण आणि तगर या दोन नगरांचीं नांवें शेजारीं शेजारीं येतात. भडोच बंदराहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तेथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर. पैठणाहून अकीकाचे दगड जात आणि तगराहून कापड. तें तगर म्हणजे आमच्या तालुक्यांतील तेर, गोरोबाकाकांचें गांव. पुढें पैठणचें रेशीम आणि जर यांनीं नांव कमावलें. पेशव्यांच्या आणि निजामाच्या घराण्यांत त्याला मान मिळाला, आणि नाशिक जिल्ह्यांतील येवल्यानें ती कला आजवर जिवंत ठेवली. खऱ्या पैठणीच्या पदरावर मोर, मुनिया किंवा आसावलीची वेल काढतांना प्रत्येक रंगाचा धागा निराळा घेऊन हातानें गुंतवितात; त्यामुळें पदर सुलट पाहा कीं उलट पाहा, दोन्ही अंगांनीं सारखाच दिसतो. पदर भरगच्च असेल तर एकेक पैठणी कित्येक महिने मागावर राहते. २०२२ सालीं याच खेळाच्या 'महामिनिस्टर' या स्पर्धेंत ११ लाख रुपयांची पैठणी ठेवली होती. तो आंकडा ऐकून आमच्या घरच्या बायका हसल्या. एवढी मोलाची पैठणी नेसून बसायचें तरी कोठें, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्यांची भूक किंमतीची नव्हतीच.

ही भूक केवळ आपल्याकडचीच आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत १९४५ सालीं नभोवाणीवर 'क्वीन फॉर अ डे' नांवाचा खेळ निघाला. १९५६ पासून १९६४ पर्यंत तो तेथील दूरचित्रवाणीवर गाजला. त्यांत घरच्या बायका येऊन आपापली अडचण सांगत. कोणाचें मूल आजारी, कोणाला कपडे धुण्याचें यंत्र हवें. जिच्या कहाणीला टाळ्यांचा कडकडाट सर्वांत मोठा, तिला मुकुट घालून एक दिवसाची राणी करीत आणि तिची मागणी पुरवीत. दुःखाची अशी चढाओढ लावणें क्रूर आहे, हें पुढें पुष्कळांनीं बोलून दाखविलें. आपल्या खेळानें अश्रूंना गुण दिले नाहींत. त्यानें हंसण्याला आणि हजरजबाबीपणाला गुण दिले. हा त्याचा मोठेपणा मी मानतों. २०२० च्या टाळेबंदींत कोणाचें दार ठोठावणें शक्य राहिलें नाहीं, तेव्हां सूत्रधार दूरध्वनीच्या पडद्यावरून घराघरांत गेला. पण विचारपूस थांबली नाहीं.

तथापि स्तुति करतांना दुसरी बाजू लपवूं नये. 'होम मिनिस्टर' या नांवांत एक श्लेष आहे. सरकारांतील गृहमंत्र्याच्या हातीं राज्याचा बंदोबस्त असतो; आमच्या गृहमंत्रिणीकडे चूल, दळण आणि पाहुणे. खातें गृहाचें दिलें, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच खात्याकडे राहिली. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून शेतकऱ्यांना आपल्या बायकांच्या नांवें जमीन करण्यास सांगितलें. सातबाऱ्यावरचें नांव आणि पैठणीचा मान, हीं दोन्ही एकाच मार्गावरचीं ठाणीं आहेत. त्यांतलें एक गांठल्यानें दुसरें आपोआप येत नाहीं, हें विसरतां कामा नये.

त्याहून अवघड गोष्ट पुढें आहे. पडद्यावरचा खेळ लोकप्रिय होतांच गांवोगांव त्याच्या प्रतिमा उभ्या राहिल्या. गणेशोत्सवांत, नवरात्रांत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना 'खेळ पैठणीचा' होऊं लागला. मराठवाड्यांत आज असें मोठें गांव विरळा, जेथें मांडव घालून, ध्वनिक्षेपक लावून हा खेळ झाला नाहीं. आणि पुष्कळ ठिकाणीं तो हळदीकुंकवाला जोडला गेला. हळदीकुंकू आलें कीं आमंत्रण सुवासिनींना. म्हणजे जी हाक घरोघरच्या बाईला म्हणून निघाली, ती गांवांत येतां येतां कपाळ पाहून मारली जाऊं लागली. कर्जापायीं घरधनी गमावलेल्या स्त्रिया ज्या मुलखांत गल्लोगल्लीं आहेत, तेथें हें विशेष बोंचतें.

महामारीच्या आधींच्या एका गणेशोत्सवांत आमच्या गल्लींत असा खेळ झाला. आमची वहिनी त्यांत उतरली. शेवटची अट होती ती उखाण्याची, आणि तिनें घेतलेला उखाणा आदल्या रात्रीं आत्यानें जुळवून दिलेला होता. मांडवांत टाळ्या पडल्या त्या आत्यानें घरांत, उंबऱ्याच्या आंत बसून ऐकल्या. तिला मुद्दाम कोणीं अडविलें नव्हतें. तिनें यावें असें कोणाला सुचलेंच नव्हतें, आणि त्या 'कोणांत' मीहि होतों. रात्रीं वहिनीनें पैठणीची घडी आणून आत्याच्या मांडीवर ठेवली. आत्यानें ती दिव्याजवळ नेली, पदर सुलट पाहिला, उलटून पाहिला. यंत्रमागावरचें स्वस्त वस्त्र तें. "पुढनं लई छान हाय गं," ती म्हणाली, "मागनं दोरे सुटल्यात." आणि घडी नीट घालून तिनें ती परत केली.

४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें ठराव केला कीं, पतिनिधनानंतर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें या प्रथा गांवांत बंद व्हाव्या. त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्य शासनानें परिपत्रक काढून इतर गांवांनींहि हा कित्ता गिरवावा असें सुचविलें. तेव्हांपासून ठिकठिकाणीं अशा स्त्रियांना हळदीकुंकवाला आणि पैठणीच्या खेळाला मानानें बोलाविल्याच्या बातम्या येतात. आंकड्यांनीं पाहतां ही गोष्ट अजून लहान आहे. परंतु उखाणा दुसरीसाठीं जुळविणाऱ्या बाईला स्वतःसाठीं खेळावयास बोलावणें ही गोष्ट मला लहान वाटत नाहीं.

या खेळानें आपल्याला एक मोठी गोष्ट शिकविली: कोणी दाराशीं येऊन नांवानिशीं विचारपूस केली, तर साधी गृहिणीहि काय रंगानें बोलते, किती हंसते आणि किती जाणते, हें घरच्या माणसांनाहि त्या दिवशींच कळतें. तो चालला तो या शोधावर. पुढें पडद्यावरचे खेळ बदलतील, सूत्रधार बदलतील. गांवचा मांडव मात्र आपल्या हातचा आहे. खरी पैठणी ओळखावयाची ती पदर उलटून. आपल्या खेळांचाहि पदर एकदां उलटून पाहावा, आणि मागच्या बाजूला जे दोरे सुटलेले दिसतील ते आपल्याच हातांनीं गुंतवावे.